विरघळणाऱ्या झेंड्या

आई गेली आणि त्याच सुमारास आमच्याकडे नव्या झेंड्या आल्या. दोन्हींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, पण माझ्या डोक्यात त्या जोडल्या गेल्या आहेत, त्याला मी काय करू?

माझं काम सांगायला सोपं आहे. कुठेही रस्ता खोदायचा झाला की आधी मी जाते. जमिनीखाली विजेची केबल कुठे, गॅसची नळी कुठे, पाण्याची कुठे, हे यंत्राने शोधायचं आणि त्याच्या बरोबर वर झेंड्या रोवायच्या. लाल म्हणजे वीज, पिवळी म्हणजे गॅस, निळी म्हणजे पाणी. मग खोदणारे येतात आणि झेंड्या सांभाळून खोदतात. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटतं, मी बागकाम करते. एक बाई तर खिडकीतून रोज विचारायची, "कधी उगवणार हो?" मी म्हणायचे, "तुम्ही खत घाला, मग बघू."

यंत्र म्हणजे हातात धरायची एक दांडी आणि कानाला हेडफोन. केबलच्या जवळ गेलं की गुणगुण ऐकू येते. नवशिके इथेच फसतात. गुणगुण सुरू झाली की त्यांना वाटतं, सापडली, आणि तिथेच झेंडी खुपसून मोकळे होतात. पण गुणगुण बरीच आधीपासून सुरू होते. थांबायचं नाही, पुढे जायचं. ती चढत जाते, मग पडायला लागते. पडली की मागे यायचं आणि जिथे ती सगळ्यात मोठी होती तिथे झेंडी लावायची. मी हे पुष्कळ जणांना शिकवलंय आणि शिकवताना त्यांच्या अंगावर भरपूर ओरडलेय. त्यातल्या काहींनी माझं नाव घेताना कानाला हात लावायची पद्धत पाडली आहे, हेही मला माहीत आहे.

जुन्या झेंड्या प्लास्टिकच्या होत्या, तारेच्या काडीच्या. काम संपून वर्षं लोटली तरी त्या गवतात उभ्याच असायच्या, नाहीतर गवत कापायच्या मशीनमध्ये अडकून माळ्यांच्या शिव्या खायच्या. नव्या झेंड्या मक्याच्या पिठापासून केलेल्या, काडी दाबलेल्या भुशाची. ओल लागली की काही आठवड्यांत मातीत जिरून जातात. झाडांना चांगल्या, गाई-गुरांना चांगल्या, सगळ्यांनाच चांगल्या. पहिला गठ्ठा फोडला तेव्हा माझ्या भावाने एक लाल झेंडी तोंडात घालून चावली आणि म्हणाला, "मीठ कमी आहे." सगळे हसले. आई जाऊन तेव्हा आठवडाही झाला नव्हता. मीही हसले, म्हणजे हसायची वेळ होती म्हणून तोंड तसं केलं.

एक भानगड मात्र होती. आमच्या धंद्यात कोरी जमीन म्हणजे 'खुशाल खोदा'. खाली काही नसेल तर मी तिथे काहीच लावत नाही, हीच माझी खूण. जुन्या झेंड्या हलायच्या नाहीत, त्यामुळे ते ठीक होतं. आता कोऱ्या जमिनीचे अर्थ दोन झाले. खाली काही नाही, किंवा आहे पण झेंडी जिरली. मी सुपरवायझरला विचारलं तर तो म्हणाला, "वेळेवर खोदायचं, म्हणजे प्रश्नच येत नाही." आमच्याकडे वेळेवर फक्त चहा येतो. एरवी मी त्याच्या डोक्यावर बसले असते. पण तेव्हा मला भांडायचंही सुचत नव्हतं. बरं म्हटलं आणि घरी गेले.

माझा भाऊ खोदकामाचं मशीन चालवतो. माझ्याहून धाकटा. लहानपणापासून जिथे तिथे उकरत बसायचा म्हणून आईने त्याला घुशा म्हणायला सुरुवात केली आणि आता सुपरवायझरपासून चहावाल्यापर्यंत सगळे तेच म्हणतात. मी खुणा करायच्या आणि त्याने खोदायचं, असं आमचं बरीच वर्षं चाललंय. खोदायच्या आधी आम्ही दोघं झेंड्यांच्या कडेने एकदा चालत जायचो. मी पुढे, तो मागे. कुठे केबल वळते, कुठे खोल जाते, ते मी सांगायचे आणि तो "हो बाईसाहेब, हो बाईसाहेब" करत यायचा. नियमात कुठेही असं चालायला सांगितलेलं नाही, ती आमची आपली पद्धत होती. आई गेल्यावर ती बंद पडली. कुणी ठरवलं नाही. एका सकाळी तो म्हणाला, "राहू दे ताई, झेंड्या आहेत ना," आणि मी राहू दिलं.

शेवटची काही वर्षं आईचं सगळं त्यानेच केलं. तिला उठवणं, बसवणं, न्हाऊ घालणं, गोळ्या देणं, सगळं. मी आठवड्यातून एकदा जायचे आणि फळं कापून ठेवून यायचे. ती गेल्यावरही मी जात राहिले. त्या दोन खोल्यांत काहीच बदललेलं नव्हतं. आईच्या पलंगावर तो रोज धुतलेली चादर घालायचा. स्वतः बाहेरच्या खोलीत खुर्चीत झोपायचा, कारण रात्री तिची हाक ऐकू यावी म्हणून तो तसाच झोपत आला होता. टीव्ही लावलेला, आवाज बंद. ओट्यावर एकच पातेलं, एकच चमचा.

"जेवलास का?"

"हो."

"काय?"

"होतं काहीतरी."

"बरा आहेस ना?"

"ठीक आहे की."

मीही मग ठीक आहे म्हणायचे आणि आम्ही दोघं तो मुका टीव्ही बघत बसायचो. खरं सांगायचं तर मला वाईट वाटत नव्हतं. आईची आठवण यायची, पण त्याबरोबर जे यायला हवं ते येत नव्हतं. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तसं मला सगळंच माझं वाटत नव्हतं. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगून काय, लोक म्हणाले असते, किती खंबीर आहे.

मग लाँड्रीमागच्या गल्लीचं काम आलं. भिंतीला लागून गवताची लांब पट्टी आणि तिच्याखालून लाँड्रीला जाणारी विजेची जाड केबल. त्या मोठमोठ्या यंत्रांना लागणारी सगळी वीज त्या एका केबलमधून जाते. मी लाल झेंड्या लावून दिल्या. पण टाकायचे पाइप आले नाहीत, आणि काम पुढे पुढे जात राहिलं. शेजारच्या दवाखान्याचा माळी मोठा कामसू, तो आपल्या झाडांबरोबर या गवतालाही रोज नळी धरायचा.

त्या दुपारी मी दुसऱ्याच भागात होते. तिथल्या माझ्या झेंड्या बघायला गेले तर काड्यांचा लगदा झालेला आणि उरलेल्या लाल तुकड्यावर एक गोगलगाय आरामात जेवत होती. तेवढ्यात सुपरवायझरचा फोन आला, भलत्याच कामासाठी. बोलता बोलता तो म्हणाला, "आणि लाँड्रीचे पाइप आले बरं का. घुशाला लावलंय सकाळपासून."

"तिथे झेंड्या आहेत का?"

"तो म्हणाला, जमीन साफ आहे."

मी फोन ठेवला आणि भावाला लावला. वाजत राहिला. मशीन चालू असलं की त्याला काही ऐकू येत नाही. पुन्हा लावला आणि मग स्कूटर काढली.

मला वाटायचं, अशा वेळी छातीत धडधडतं, तोंडाला कोरड पडते, माणूस देवाचा धावा करतो. यातलं काहीही झालं नाही. मला नीट माहीत होतं की मशीनच्या दातांनी ती केबल धरली तर माझा भाऊ जळून मरेल. हे वाक्य मी मनात स्पष्ट म्हटलंसुद्धा. आणि तरी चौकातल्या लाल दिव्यापुढे मी थांबले. विचार करा, थांबले! शेजारच्या गाडीवाल्याने पत्ता विचारला, तो मी त्याला व्यवस्थित समजावून सांगितला.

गल्लीत पोचले तेव्हा मशीनचा हात वर होता. गवताची पट्टी अर्ध्यापर्यंत उघडलेली, बाजूला मातीचा ढीग. मी स्कूटर आडवी टाकली आणि सरळ चरात उतरून उभी राहिले. त्याच्या टोकाचं दातेरी बकेट माझ्या डोक्यावर थांबलं. मग हळूच बाजूला जाऊन जमिनीवर टेकलं आणि इंजिन बंद झालं.

तेवढ्यात सुपरवायझर आलाच. फोनवरच्या माझ्या प्रश्नामुळे त्याच्याही डोक्यात प्रकाश पडला असावा. चरात डोकावून तो मोठमोठ्याने सुरू झाला. "बघा! बघा या झेंड्या! पिठाच्या झेंड्या! मी पहिल्या दिवसापासून सांगतोय!" त्याने पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं ते मला पाठ होतं. "याची काय चूक? जमीनच साफ!" असं म्हणत तो वरच्या कुणालातरी फोन लावायला कोपऱ्यावर गेला.

घुशा मशीनमधून उतरला नव्हता. मी दारापाशी गेले.

"तुला झेंड्या दिसल्या नाहीत?"

"दिसल्या."

मला वाटलं, त्याला माझा प्रश्न कळला नाही.

"म्हणजे चुरा होता गं," तो म्हणाला. "लाल चुरा. गवतात. ओळीने दिसत होता."

"मग?"

"मग काय. म्हटलं, चालू दे."

तो हे चिडून म्हणाला नाही, रडूनही नाही. जेवलास का विचारल्यावर हो म्हणायचा, तसाच म्हणाला.

"आणि ताई, तसंही तुझ्या झेंड्या हल्ली जागेवर नसतात."

"काय?"

"हातभर बाजूला असतात. आई गेल्यापासून. मी मशीन लावायच्या आधी फावड्याने उकरून बघतो. केबल दरवेळी पलीकडेच निघते."

"दरवेळी? आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? तू ऐकायला असतेस कुठे? म्हटलं, आपण बघून घेऊ. कुणाच्या लक्षात नको यायला, नाहीतर तुझी नोकरी जायची."

म्हणजे आई गेल्यापासून मी खुणा करून दिलेल्या प्रत्येक रस्त्यावर हा माणूस आधी वाकून, फावड्याने, माझी चूक उकरून काढत होता आणि मग माती लोटून गप्प बसत होता. मी त्याच्याकडे बघत राहिले. दाढी वाढली होती, शर्टाची कॉलर त्याच्या गळ्याला ढिली झाली होती. हे मला आठवड्यातून एकदा समोर बसूनही दिसलं नव्हतं.

"मग आज का नाही उकरून बघितलंस?"

त्याने मशीनची किल्ली काढून खिशात टाकली.

"आज कंटाळा आला," तो म्हणाला.

मी मशीनच्या मागे लावलेलं फावडं काढलं आणि चरात उतरले. झेंडीचा लाल चुरा जिथे होता तिथे आधी उकरलं. नुसती माती. मग हातभर पलीकडे, बकेटने शेवटची माती जिथून उचलली होती त्याच्या अगदी लगत. दोन-चार फावडी ढासळलेली माती काढल्यावर केबलवर अंथरतात ती धोक्याची पट्टी दिसली. मी फावडं टाकलं आणि हाताने माती बाजूला केली. पट्टीला दातांचा ओरखडा होता. तिच्याखाली केबल होती, अजून शाबूत.

मी काय करत होते ते मला तिथे गुडघ्यांवर बसल्या बसल्या कळलं. गुणगुण सुरू झाली की मी तिथेच झेंडी लावत होते. पुढे जायचं आणि मागे यायचं, एवढं माझ्याने होत नव्हतं. माझ्या झेंड्या प्लास्टिकच्या असत्या, ठणठणीत उभ्या असत्या, आणि माझ्या भावाने त्या देवासारख्या मानून सांभाळून खोदलं असतं, तरी त्याने ही केबल फोडली असती.

तेव्हा ते आलं. इतकी भीती वाटली की मला उठता येईना. घुशा मशीनमधून उतरून चरात आला आणि माझ्या शेजारी मातीत बसला. मी त्याची कॉलर धरली. मला त्याला मारायचं होतं, चांगलं थोबाडायचं होतं, पण हात ऐकत नव्हता, म्हणून मी ती नुसतीच घट्ट धरून ठेवली. "गाढवा," मी म्हटलं. "गाढवा, तू मेला असतास." मग त्याने तोंड मातीने भरलेल्या तळहातांत घातलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. मी त्याला आईच्या वेळीही असं बघितलं नव्हतं.

सुपरवायझर परत आला तेव्हा आम्ही तसेच बसलो होतो. "हां, बोललो मी वर," तो म्हणाला. "सगळा दोष झेंड्यांचा, असंच सांगितलंय. तू आत्ता पुन्हा खुणा करून दे, म्हणजे हा संध्याकाळपर्यंत उरकून टाकेल."

"झेंड्यांचा दोष नाही," मी म्हटलं. "माझ्या खुणा चुकल्या होत्या. आमच्या दोघांच्या जागी दुसरी माणसं बघा. आम्ही इतक्यात कामावर येत नाही."

"का? झालं काय?"

"आमची आई गेली."

तो गोंधळला. माझ्याकडे बघितलं, घुशाकडे बघितलं, चष्मा काढला. "अगं, पण ते तर... तिला जाऊन कितीतरी दिवस झाले ना?"

"हो," मी म्हटलं. "आम्हाला आज कळलं."