झडपेचा पत्ता

पत्ता वाकला, तिथून सगळं सुरू झालं.

धाकटी पुस्तकबांधणीचं दुकान चालवायची आणि थोरली जादूचे खेळ करायची. थोरलीच्या हातात जे पत्ते जादू करत, ते धाकटीच्या दुकानात बनत. हे गुपित त्या दोघींखेरीज फक्त थोरलीच्या नवऱ्याला माहीत होतं, आणि त्याच्या तोंडात तीळ भिजत नसल्यामुळे त्यालाही अर्धंमुर्धंच सांगितलेलं होतं. धाकटीचा चेहरा प्रेक्षकांनी ओळखू नये म्हणून खेळाच्या दिवशी दोघी एकमेकींशी बोलतसुद्धा नसत.

"होडी झालीय याची, चिमे," खेळाच्या आदल्या दिवशी थोरली दुकानात येऊन म्हणाली आणि तिनं पत्ता टेबलावर ठेवला. बदामची राणी कडेला उचलली जाऊन खरंच डुलत होती.

तो झडपेचा पत्ता होता. वरून बदाम राणी. पण तिचा अर्धा भाग सोलून पातळ केलेला आणि मधोमध कापडाच्या पट्टीवर बसवलेला. बोटानं हळूच ढकलला की पापणीसारखा उलटायचा आणि राणीच्या जागी सत्ती दिसायची. प्रेक्षकानं निवडलेली सत्ती.

"पांढऱ्या डिंकानं वाकतोय," धाकटी म्हणाली. "त्यात पाणी असतं. कागद पाणी पितो, फुगतो आणि सुकताना आखडतो."

"मग दुसरं काहीतरी लाव. पण ते पंक्चरचं सोल्यूशन नको. त्याचा वास पहिल्या रांगेपर्यंत जातो."

"बरं."

थोरली गेल्यावर धाकटीनं दुकानातलं सगळं चिकट सामान मांडलं. खळ लावून पाहिली. तिच्यातही पाणीच, पत्ता पुन्हा वाकला. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावली, तर पत्ता सपाट राहिला पण इतका जाड झाला, की कॅटमधून अंगठा फिरवला की आंधळ्यालाही सापडावा. कांडीचा गोंद दिव्याजवळ धरल्यावर भिंतीच्या पोपड्यासारखा सुटला. झटपट चिकटणारा थेंब कागदात मुरला आणि राणीच्या गालावर पांढरा डाग पडला. संध्याकाळ झाली तरी हाती काहीच लागेना, तेव्हा तिनं खणातून पंक्चरच्याच रबर सोल्यूशनची ट्यूब काढली. दोन्ही बाजूंना पातळ हात, थोडं सुकू दिलं, जोडलं, दाबलं. पत्ता आरशासारखा सपाट. झडपही लोण्यासारखी फिरली.

असे दोन पत्ते करून तिनं ते वजनाखाली ठेवले. सोल्यूशनमधला उडणारा पदार्थ निघून जायला ते निदान दिवसभर उघड्यावर पडायला हवे होते. पण सकाळी दुकान उघडताच दाजी दारात उभे. "तुझी ताई म्हणाली, लगेच घेऊन या." धाकटीनं पत्ते पत्र्याच्या डबीत घातले आणि वास बाहेर येऊ नये म्हणून झाकण घट्ट दाबलं. कशानं चिकटवले, ते तिनं सांगितलं नाही. खेळ रंगला की ताईला कशाला विचारायची आठवण राहतेय, असं तिला वाटलं.

दुपारचा खेळ होता. नाट्यगृह जवळपास भरलं होतं. धाकटी नेहमीप्रमाणे कडेच्या खुर्चीवर बसली. दाजी शेजारी येऊन टेकले आणि तिच्या कानाशी लागले.

"आज नवीन आहे बरं का. नुसती फुंकर नाही मारायची. पेटती मेणबत्ती, तिच्यावरून पत्ता फिरवायचा, राणी जळून सत्ती होणार. हिनं कालच बसवलंय. मला म्हणाली, चिमीला सांगू नका, उगाच काळजी करत बसेल."

धाकटीला डबी आठवली.

रबर. ओलं रबर, डबीत कोंडलेलं. त्या ट्यूबवर ज्वाळेचं चित्र होतं, आणि दुकानात सोल्यूशन उघडलं की ती देव्हाऱ्यातलं निरांजनसुद्धा विझवायची. ती रंगमंचाकडे पाहू लागली. थोरलीच्या काळ्या झग्याच्या बाह्या मनगटाशी हातभर रुंद होत्या, आणि कापड सुती नव्हतं.

"दाजी, आत जाऊन तिला निरोप द्या. मेणबत्ती नको म्हणावं."

"आता? पडदा वर गेलाय. मला आत सोडणार आहेत का?" ते हसले. "तू पण ना."

समोर रिंग गायब झाल्या, रुमाल बाहेर आले, लोक टाळ्या वाजवत होते. धाकटीला त्यातलं काही दिसत नव्हतं. तिचे तळवे गार पडले होते. ओरडावं, तर बहिणीची इतक्या वर्षांची कमाई एका हाकेत मातीत. गप्प बसावं, तर? कदाचित काहीच होणार नाही, ती स्वतःला सांगत होती. पत्ता वेगानं फिरला तर ज्योत लागणारही नाही. पण थोरली सावकाश फिरवायची. सावकाशपणाबद्दलच तिचं नाव होतं.

मग मदतनीसानं छोटं टेबल आणून ठेवलं. त्यावर मेणबत्ती. थोरलीनं काडी ओढली.

"कुणीतरी एकजण वर या," ती म्हणाली.

दुसऱ्या रांगेतले एक टक्कल पडलेले गृहस्थ उठले. पण त्यांच्या आधी धाकटी पायऱ्यांवर होती. आपण कधी उठलो, हे तिलाही कळलं नाही. दाजींनी मागून तिचा पदर धरायचा प्रयत्न केला, तेवढं जाणवलं.

थोरलीचं हसू जागचं हललं नाही. डोळे मात्र दगड झाले.

"या बाई. काय करता आपण?"

"पुस्तकं बांधते."

"म्हणजे कागदाची पारख आहे." तिनं पत्ते पसरले, धाकटीनं एक ओढला. सत्तीच येणार होती, तीच आली. तिनं ती लोकांना दाखवली आणि परत दिली. थोरलीनं कॅट पिसला आणि वरून राणी उचलली. "हाच ना तुमचा पत्ता?"

"नाही."

"चुकलं वाटतं. बघू, जाळून काही होतंय का." पत्ता ज्योतीकडे निघाला.

"वास येतोय," धाकटी म्हणाली. आवाज तिला स्वतःचा वाटला नाही.

"कसला?"

"पंक्चरच्या दुकानासारखा."

प्रेक्षागृहात हशा पिकला. थोरलीही हसली, पण तिचा हात थांबला. पत्ता ज्योतीपासून वीतभर अंतरावर होता. धाकटी त्या अंतराकडे पाहत होती. बाही ज्योतीच्या बाजूला लोंबत होती, आणि पंख्याच्या वाऱ्यानं ज्योत मधूनमधून तिकडेच वाकत होती.

"बाईंचं नाक भलतंच तिखट आहे," थोरली लोकांना म्हणाली आणि मग तिच्याकडे वळली. "भीती वाटते का मेणबत्तीची?"

"वाटते."

हे तिनं असं म्हटलं, की हसणारे गप्प झाले. थोरलीनं तिच्याकडे क्षणभर पाहिलं. लहानपणी धाकटी खोटं बोलली की तिचे कान लाल व्हायचे, हे थोरलीला पाठ होतं. आज ते पांढरे पडले होते.

"मग विझवा," ती म्हणाली.

धाकटीनं फुंकर मारली. छातीत श्वासच नव्हता. ज्योत आडवी झाली, बाहीच्या काठाला चाटून गेली आणि पुन्हा उभी राहिली. कुणीतरी पुढच्या रांगेत 'अगं' म्हणालं. थोरली हलली नाही. धाकटीनं वात चिमटीत धरली आणि दाबली. चटका बसला तरी सोडली नाही.

धुरातून थोरलीनं पत्ता फिरवला. पण ओलं रबर दिव्यांच्या उष्णतेनं सुटलं होतं. झडप अर्ध्यावर अडकली, राणीचा एक कोपरा सत्तीतून डोकावत राहिला. थोरलीनं तो अंगठ्याखाली दाबला आणि पत्ता पटकन खाली घेतला. टाळ्या वाजल्या, पण विरळ. मागे कुणीतरी खुसखुसलं.

खेळ संपल्यावर आतल्या खोलीत थोरलीनं दार लावून घेतलं.

"सगळ्यांसमोर माझी लाज काढलीस. मी नको म्हटलं होतं ना ते सोल्यूशन?"

धाकटीनं डबीतला दुसरा पत्ता काढला, भांडी धुवायच्या बेसिनमध्ये ठेवला आणि काडी लावली.

भक्कन आवाज झाला. ज्वाळ नळापर्यंत उठली. दोन्ही थर सुटले, आणि त्यांच्यामधून पेटतं रबर थेंबाथेंबानं बेसिनमध्ये टपकत राहिलं. पाणी सोडेपर्यंत राणीचं काहीच उरलं नव्हतं.

थोरली स्टुलावर बसली. तिनं बाहीचा काठ हातात घेऊन पाहिला. एका जागी कापड वितळून मण्यासारखं घट्ट झालं होतं.

"तू मला सांगायचं होतंस," ती म्हणाली.

"तूही."

तेवढ्यात दाजी आत आले. "चिमे, काय नाटक केलंस गं! मला खरंच वाटलं तू घाबरलीस." मग ते चहाचं बघतो म्हणून निघून गेले. थोरली झग्याचे हूक काढू लागली. एकही निघेना. शेवटी धाकटीनं ते काढले.

दोन दिवसांनी थोरली दुकानात आली आणि म्हणाली, "सगळे डिंक दाखव. एकेक पेटवून." रबराची ट्यूब धाकटीनं त्याआधीच फेकून दिली होती. बाकीचे त्यांनी मागच्या मोरीत पेटवून पाहिले. खळीचा पत्ता नुसता काळवंडला. टेपचा वितळून चिकट झाला. पांढऱ्या डिंकाचा जळाला तो साध्या कागदासारखा, निमूट. तो वाकायचा, पण पाठीलाही तसाच डिंकाचा पातळ कागद लावला की ओढ दोन्हीकडून सारखी बसते, हे धाकटीला त्यानंतर चार-पाच पत्ते वाया घालवल्यावर उमगलं. थोरलीनं बाह्या कापून सुती आणि आखूड करून घेतल्या.

मेणबत्ती मात्र तिनं सोडली नाही. लोकांना आवडते, म्हणाली. धाकटी प्रत्येक खेळाला जाते. कडेच्या खुर्चीवर बसते, मांडीवर ओला टॉवेल असतो, आणि काडी ओढल्याचा आवाज आला की तिचे तळवे अजूनही गार पडतात.