या ओढ्यात विसर्जन नाही

अमेरिकेतल्या आमच्या ईडन प्रेरीत गणपती पंचांगाप्रमाणे येतो आणि शनिवारी जातो. पंचांगाला ऑफिस नसतं, आपल्याला असतं. १९८६ साली मात्र आमच्या मंडळाचे अध्यक्ष जगन्नाथकाका यांनी जाहीर केलं की यंदा बादलीत विसर्जन नाही. हातभर उंचीची प्लास्टरची मूर्ती त्यांनी विमानात मांडीवर घेऊन आणली होती. तिला वाहतं पाणीच हवं.

ते त्यांनी शोधलंही. गावाबाहेरचा ओढा, काठाला नवी पाऊलवाट, ओंडक्यांचे बांध, काचेसारखं पाणी. हे सगळं कुणीतरी आपल्यासाठीच करून ठेवलंय असा काकांचा समज झाला. अध्यक्षांचा होतोच.

केलं होतं आमच्याच मंडळातल्या मालिनीनं आणि तिच्या शनिवारच्या अमेरिकन मंडळींनी. गुरांनी तुडवून ओढा पसरट, गढूळ झाला होता आणि त्यातले रानटी ट्राउट मासे संपत चालले होते. दोन उन्हाळे ही माणसं फुकटात दगड वाहत होती. पात्र अरुंद केलं की पाणी जोरात धावतं, चिखल निघून जातो, तळाचे गोटे उघडे पडतात. त्या गोट्यांतच ट्राउट अंडी घालतो. मालिनी मासे खात नाही, पकडतही नाही, म्हणजे मंडळाच्या हिशेबानं हा धंदा निव्वळ तोट्याचा. "त्यांना पोहायला शिकवतेस का गं?" असं हळदीकुंकवात विचारून झालं होतं.

आमच्या गाड्या पोचल्या तेव्हा मालिनी छातीपर्यंतची रबरी विजार घालून पाण्यात उभी होती. तिचा नवरा चारुदत्त आमच्याबरोबर काठावर, हातात आरतीचं तबक. आपण कुणाच्या बाजूचे, हा प्रश्न त्यानं तबकावर सोपवला होता.

"काका, इथे नाही."

"अगं, एवढंसं प्लास्टर. पाणी घेऊन जाईल."

"नाही नेणार. पांढरा गाळ होऊन गोट्यांत बसेल. थंडी पडली की यात अंडी येतील, ती गुदमरतील. तुम्ही सिव्हिल इंजिनियर, तुम्हाला मी काय सांगू?"

"उत्तरपूजा घरी झालीय. देव हलवलाय. आता परत कसा नेऊ?"

ही अडचण खरी होती. डास चावतील म्हणून काकांनी उत्तरपूजा घरीच उरकली होती, आणि निघालेला देव पुन्हा मखरात बसत नाही.

"माशांसाठी देवाला अडवतेस, मालिनी?"

"देव कुठे काय म्हणतोय? मी तुम्हाला अडवतेय."

मागे कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं.

"चारुदत्त, जरा समजाव हिला."

"काका, मी ते घरीसुद्धा करत नाही."

काकांनी चपला काढल्या, मूर्ती उचलली आणि एक पाय पाण्यात घातला. पाणी बर्फासारखं होतं, तरी त्यांनी दुसराही घातला. मालिनी हलली नाही.

"या," ती म्हणाली. "पण मला बाजूला ढकलावं लागेल, आणि तुमच्या हातात गणपती आहे."

हातात देव धरून बाईमाणसाला धक्का देणं कुठल्याच पोथीत बसत नाही. काका पाय बधिर होईपर्यंत उभे राहिले, मग वळले. विसर्जन शेवटी त्यांच्या बाथटबात झालं. प्लास्टर काही विरघळेना. पुढचे कित्येक दिवस काका टॉवेल घेऊन शेजाऱ्यांकडे जात होते, हे आम्ही त्यांच्यासमोर बोलत नाही.

शिक्षा मात्र झाली. दिवाळीच्या कार्यक्रमाचं निवेदन दरवर्षी मालिनी करायची, तिला त्यात मानही होता आणि हौसही. ते काढून घेतलं. स्टेजवर येऊन माफी माग, मग बघू, असा निरोप गेला.

चारुदत्त दिवाळीला एकटाच आला. जेवला, टोमणे ऐकले आणि दुपारी चिवड्याचा डबा घेऊन थेट ओढ्यावर गेला. कुणाचे बूट, कुणाचं कुत्रं पाण्यात उतरू नये म्हणून मालिनी तिथे कानटोपी घालून पहारा देत होती. तिनं नुसतं बोट दाखवलं. उथळ पाण्यात एक मादी आडवी होऊन शेपटीनं तळ झोडपत होती. गोटे उडत होते, खळगा खोल होत होता, आणि शेजारचा नर दुसऱ्या नराला हुसकावत होता.

"काका उत्तर मागतायत," चारुदत्त म्हणाला. "काय सांगू?"

"माफी मागणार नाही म्हणावं. आणि हळू बोल, तिचं काम चाललंय."