बटणांच्या डब्यातला पिवळा दिवा

मी एक दिवा आहे आणि सध्या एका शिंप्याच्या दुकानात बटणांच्या डब्यात पडलोय. समईतला नव्हे, देवघरातला नव्हे. परदेशी मोटारीत स्टिअरिंगच्या मागे, इंजिनाचं चित्र काढलेल्या काचेखाली बसणारा पिवळा दिवा. इंजिनाला काही दुखलंखुपलं की लागायचं, एवढंच माझं काम. ते मी इमानेइतबारे केलं आणि त्याची ही बक्षिसी मिळाली. पूर्वी राग यायचा. आता नुसती शिसारी येते.

जन्म माझा सातासमुद्रापार, एका लखलखीत कारखान्यात. तिथं इंजिनाच्या अंगावर जागोजागी पहारेकरी बसवले होते. हवा किती आत आली, गरम किती झालं, सगळं ते गाडीच्या मेंदूला कळवायचे. मेंदूला काही खटकलं की तो मला पेटवायचा. मग जाणत्या माणसानं बॉनेटखालची दोन टोकं तारेनं जोडली, की मी लुकलुकून दुखणं सांगायचो. एवढ्या वेळा लुकलुकलो तर हवेचा दोष, तेवढ्या वेळा लुकलुकलो तर पेट्रोलचा. बघणाऱ्याला मोजता आलं पाहिजे, बस्स.

कॉफीच्या एका मळेवाल्यानं गाडी बेंगळुरूला आणली. त्यानं ती विकली आणि त्र्याण्णव सालच्या घटस्थापनेला मी कॉटनपेटेत विठोजींच्या दारात उभा राहिलो. विठोजी शिंपी. घराणं इथलं कित्येक पिढ्यांचं. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर कन्नड. शाळांचे गणवेश शिवताशिवता ते परदेशात कपडे पाठवायला लागले आणि घरात लक्ष्मी आली. बायको रत्नाबाई, मुलगा गिरीराज, आणि त्याच उन्हाळ्यात लग्न होऊन आलेली सून कृष्णवेणी, जवळच्याच आनेकल गावची. माणसं बघून मला बरं वाटलं होतं. माझी अक्कल ती.

मग आली खंडेनवमी. इकडे तिला आयुधपूजा म्हणतात. बाकीचे लोक गाडीला हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात, कोहळा फोडतात आणि मोकळे होतात. पण विठोजींच्या घरची रीत वेगळी. शिंप्याचं मशीन ते बाहेरून पुजत नाहीत. सुईखालची पत्र्याची पट्टी सरकवायची, जिथं दोरा फिरतो तिथं आत हळदकुंकू लावायचं, ओल्या कुंकवातल्या अक्षता वाहायच्या. "पोटापर्यंत पूजा पोचली पाहिजे," असं त्यांच्या आजोबांचं म्हणणं.

तीच रीत त्यांनी गाडीला लावली. बॉनेट उघडलं, हवेच्या पेटीचं झाकण उचललं, आतली गाळणी बाजूला केली आणि इंजिनाला हवा पोचवणारी जी नाजूक झडप असते, तिच्यावर हळदकुंकू लावून मूठभर अक्षता वाहिल्या. हात जोडले, गाळणी परत बसवली, झाकण लावलं. मशीनमधल्या अक्षता दुसऱ्या दिवशी कुंच्यानं झाडून काढतात, तेवढं मात्र ते इथं विसरले.

दसऱ्याला सगळे गाडीत बसून निघाले. कृष्णवेणी पहिल्यांदाच बसत होती. जेमतेम कोपऱ्यापर्यंत गेलो असू, झडप अडकली आणि मेंदूनं मला पेटवलं. गाडी आचके द्यायला लागली.

"हे काय पेटलं हो?" रत्नाबाईंनी विचारलं.

"कोण जाणे. काल नव्हतं," विठोजी म्हणाले.

रत्नाबाईंनी वळून मागच्या सीटवरच्या सुनेकडे पाहिलं. ते पाहणं मला आरशात दिसलं.

एरवी गाडी कापडाखाली झाकलेली असायची. बाहेर निघायची ती नव्या सुनेला नातेवाइकांकडे जेवायला न्यायला. म्हणजे मी पेटायचो तेव्हा ती गाडीत असायचीच. मी ओरडायचो, हवा, हवा, झडप बघा. हे ऐकायचे, सून, सून. उचलली जीभ, लावली टाळ्याला. "घटस्थापनेपासून गाडी कशी छान उभी होती," रत्नाबाई नात्यातल्या बायकांना सांगायच्या. "हिचा पाय लागला आणि दिवा लागला." चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि साक्षीदार कोण, तर मी. विझावं म्हटलं तर विझता येईना. खोटं बोलायला मला कुणी शिकवलंच नव्हतं.

उपाय काय काय केले म्हणता. दृष्ट काढली. गाडी एका मिस्त्रीकडे नेली, त्यानं बॅटरीची तार काढून परत लावली. मी क्षणभर विझलो, तो "सरी आयतु अण्णा, झालं नीट" म्हणून पैसे घेऊन मोकळा झाला. दुसऱ्या खेपेला मी पुन्हा पेटलो. शेवटी रत्नाबाईंनी कपाळाची टिकली काढली आणि माझ्या काचेवर चिकटवली. त्या चिकट, घामट टिकलीमागे मी जळत राहिलो. आपलं ठेवायचं झाकून, तसली जात ही.

आणि गिरीराज? तो मूग गिळून बसला होता. एकदा फक्त म्हणाला, "अम्मा, दिवा तो. गाडीतलं काहीतरी बिघडलं असेल." रत्नाबाई म्हणाल्या, "तू स्वल्प गप्प बस." तो गप्प बसला. अजून तसाच आहे.

कार्तिकात ठरलं की दिवा जाईपर्यंत कृष्णवेणीनं माहेरी राहावं. गिरीराजला दुकानात काम निघालं. विठोजी एकटे तिला घेऊन निघाले. ती मागे पिशवी मांडीवर घेऊन बसली होती आणि रडत नव्हती. वाटेत मडिवाळला गाडी काळा धूर सोडून बंद पडली. ढकलत रस्त्यालगतच्या गॅरेजात नेली. मालक विनोदकुमार. बोलायला फटकळ आणि परदेशी गाड्यांचा मोठा शौकीन.

त्यानं टिकली बघितली आणि नखानं खरवडून काढली. मग बॉनेटखाली तार जोडून परत आत डोकावला. मी लुकलुकलो. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मोजत होतं.

"हवेचं दुखणं आहे अण्णा," तो म्हणाला. जाऊन त्यानं पेटीचं झाकण उघडलं आणि मोठ्यानं हसला. "इथं भात कुणी शिजवलाय?"

कृष्णवेणी खाली उतरली, विठोजींच्या शेजारी जाऊन उभी राहिली. झडपेच्या बिजागरीत वाळून चिकटलेले लालभडक तांदळाचे दाणे दोघांनी पाहिले. गाडीच्या पोटात अक्षता वाहणारा घरात एकच माणूस होता.

ती म्हणाली, "मामंजी, हा माझा पायगुण का?"

विठोजींनी खिशातून रुमाल काढला आणि मान पुसली. "झालं ते झालं. चल, परत घरी जाऊ. दिवा गेला म्हणून सांगू. शांती केली, दोष गेला, म्हणू."

"दोष कुणाचा, ते सांगणार का?"

"पोरी, देवाच्या अक्षता त्या. माझा मान राहू दे."

"मग माझा?" ती म्हणाली. "मी जाते आनेकलला. ज्यांनी टाकल्या त्यांनीच सासूबाईंना सांगावं. सांगाल त्या दिवशी यांना मला न्यायला पाठवा. मी आपल्या तोंडानं सांगणार नाही."

पिशवी घेऊन ती रस्त्यावर गेली आणि आनेकलच्या बसला हात केला.

विनोदकुमारनं झडप पुसली, गाडी सुरू केली. इंजिन लोण्यासारखं चालायला लागलं आणि मी आपोआप विझलो. समाधानानं विझलो होतो, खरं सांगतो.

"तो दिवा काढून टाक," विठोजी म्हणाले.

"दुरुस्त झालंय की अण्णा. आता नाही लागायचा."

"तरी काढ. आणि ही गोष्ट इथंच राहू दे."

विनोदकुमार हसला, खांदे उडवले आणि मला उपटून त्यांच्या हातावर ठेवलं. सत्य कळलेला एकुलता एक परका माणूस, तोही असला. विठोजींनी मला खिशात टाकलं आणि दुकानात आल्यावर ह्या डब्यात. घरी सांगितलं की गाडी सुधारली, पण पोरगी हट्टी, वाटेतच उतरून गेली. रत्नाबाई म्हणाल्या, "बघा, ती उतरली आणि दिवा गेला." विठोजी जेवत होते. दोन वेळा भात वाढून घेतला म्हणे. हे गिरीराजच दुकानातल्या कारागिराला सांगत होता.

त्याला वर्ष होत आलं, कृष्णवेणी अजून आनेकललाच आहे. परवाच पुन्हा खंडेनवमी झाली. मशिनांच्या पट्ट्या सरकवल्या, अक्षता वाहिल्या. मग विठोजी गाडीकडे निघाले, हातात तेच ताट. पेटी उघडली की नाही ठाऊक नाही. उघडली असली तरी आता सांगायला तिथं कुणी नाही.

गिरीराज रोज हा डबा उघडतो. बटणं चाळताना मी त्याच्या बोटांना लागतो. एकदा त्यानं मला उजेडात धरून पाहिलं आणि परत टाकलं. तारेशिवाय मी कसा बोलणार?

तुम्ही कधी कॉटनपेटेत कपडे शिवायला गेलात, तर माप देतादेता त्याला माझ्या वतीनं एवढं विचारा, की बाबा, तुझ्या वडिलांनी गाडीच्या पोटात अक्षता वाहिल्या होत्या, त्या झाडल्या कुणी? आनेकलची शेवटची बस रात्री उशिरा असते, हेही सांगा.