कूलरचं गवत

हिवरखेडच्या मोटारसायकलच्या शर्यतीत रेडिएटरवर काळ्या मातीचा चिखल बसू नये म्हणून मी माझ्या गाडीले समोरून बारीक जाळी लावली होती. माझा साळा कुलदीप, त्याले ते कमी वाटलं. मले न विचारता त्यानं जाळीच्या मागं कूलरचं गवत कोंबलं अन् वरून पाणीबी मारलं.

दुसऱ्या फेरीत त्या गवतात चिखल असा बसला जसा कुडाच्या भिंतीले गिलावा. हवा बंद झाली, इंजन तापलं, अन् सर्वांच्या पुढे पळणारी माझी गाडी बांधावरच मेली.

कुलदीप धावत आला. मी हेल्मेट काढलं अन् तेच त्याच्या तोंडावर हाणलं. त्याचा ओठ फाटला.

"गवत काहून कोंबलं बे?"

"दाजी, त्यानं घर थंड होते. मले वाटलं, गाडीबी होईन."

मी त्याले लाथ घातली, तो चिखलात पडला. त्याच रागात मी वाकून रेडिएटरचं झाकण पिळलं.

"खोलू नका," तो ओरडला, अन् झडप घालून त्यानं झाकणावर पंजा दाबला. माझ्या डोळ्यांवर येणारं उकळतं पाणी त्याच्या हाताखाली फुटलं. तळव्याची कातडी सोलून निघाली.

अकोटच्या दवाखान्यात पट्टी बांधून झाल्यावर त्यानं बेसिनात रक्त थुंकलं.

"दाजी," तो म्हणाला, "तुमच्या डोक्याले कोणतं गवत लावू?"