पांढरा ठिपका

स्टुडिओवाला एका नवरीच्या फोटोतला गालावरचा तीळ पुसत होता. चेहऱ्यावर डाग दिसला की त्याच्या हाताला नुसती खाज सुटायची. एवढ्यात त्याच्यासारखाच आकाशाचे फोटो काढत बसणाऱ्या मित्राचा फोन आला.

"अरे, शनिवारी तू टिपलीस ना, त्याच दीर्घिकेत एक तारा फुटून झळकायला लागलाय! लोकांना तो काल दिसला. तुझ्या फोटोत असेल तर पहिला मान तुझा. बघ लवकर!"

त्याने शनिवारचा फोटो पडद्यावर मोठा केला. दीर्घिका कशी लख्ख, घासूनपुसून ठेवल्यासारखी! पण नवा तारा औषधालाही नव्हता.

"नशीबच फुटकं मेलं," तो करवादला.

"हा तुम्ही सजवलेला फोटो झाला," काउंटरमागून बायको म्हणाली. "कॅमेऱ्यातले मूळ फोटो उघडा की."

"त्यात काय वेगळं असणार, डोंबल!" असं खेकसत त्याने ते उघडले. पहिल्याच फोटोत दीर्घिकेच्या कडेला एक पांढरा ठिपका होता. दुसऱ्यात होता, तिसऱ्यात होता, शेवटच्यातही तिथेच होता.

बायको वाकून बघत राहिली. "अहो, एवढा ठसठशीत! तेव्हा दिसला नाही तुम्हाला?"

त्याने पडद्यावरच्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"दिसला होता गं," तो म्हणाला. "म्हणून तर पुसला."