कडूबाईचं बोंडलं

कोनाड्यात काडेपेटीच्या मागे धूळ खात बसलेलं पितळी भांडं दिसतंय ना, मित्रांनो? ते म्हणजे मी. मी एक जुनं बोंडलं आहे. पोट वाटीएवढं आणि पुढे चिमणीच्या चोचीसारखी तोटी. ती तान्ह्या बाळाच्या ओठाला लावायची आणि दूध पाजायचं, हे माझं काम.

अंबडच्या एका तांबटाने मला ठोकून घडवलं. कडूबाईला पहिलं मूल झालं, तेव्हा तिच्या आईने बाळंतविड्यात घालून मला वडीगोद्रीजवळच्या या धनगरवस्तीवर पाठवलं. इथे माझा मोठा तोरा होता. कडूबाईची सगळी मुलं माझ्या तोटीने गूळपाणी पिऊन वाढली. शेजारणी मला मागून न्यायच्या आणि चिंचेने लखलखीत घासून परत आणायच्या. कौतुक ऐकून मी फुगून जायचो. पण तोटीच्या आत आजवर कुणाचं बोट पोचलं नाही. कालचं दूध तिथेच आंबून राही, आणि वस्तीवरच्या तान्ह्यांना वरचेवर जुलाब होत. त्याचा नि माझा संबंध कुणी जोडला नाही.

मुलं मोठी झाली आणि मी कोनाड्यात गेलो. मग यंदा कडूबाईच्या धाकट्याला, सुग्रीवला, मुलगी झाली. त्याची बायको वर्षाराणी हिला आई नाही, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. दवाखान्यातल्या सिस्टरने बजावून पाठवलं होतं, सहा महिने बाळाला फक्त अंगावरचं पाजायचं, वरचं पाणीसुद्धा नको. पण घरी आल्यावर पोर रडायला लागली. अंगावर यायचं ते जेमतेम थेंबभर, पिवळं आणि चिकट.

"पिळून टाक ते, वर्षे. नासकं असतंय," कडूबाई म्हणाली. "लेकरू उपाशी मरून राह्यलं. दूधच न्हाई तुझ्या अंगावर."

"सिस्टर म्हणल्या, पाजत राहिलं की येतंय, आत्या."

"त्यांला काय जातंय सांगायला?"

वर्षाराणीचा जीव दमलेला, आणि सासू बोलत होती तीही मायेनेच. तिच्याशी भांडायचं तरी कसं? कडूबाईने मला खाली काढलं, विसळलं आणि माझ्यात शेळीचं दूध भरलं. खरं सांगतो, मला फार आनंद झाला.

तेवढ्यात अंगणातून सुग्रीव ओरडला, "आई, जल्दी ये. मेंढी कोकराला जवळच येऊ देईना."

मला बाजेशेजारी ठेवून कडूबाई धावली. दारातून सगळं दिसत होतं. पहिल्यांदाच व्यालेली मेंढी लाथा झाडत होती आणि कोकरू बाजूला थरथरत होतं.

"शेळीचं पाजू का याला?" सुग्रीवने विचारलं.

"येडा का काय? पहिला चीक पोटात गेल्याबिगर जगतंय का ते?" कडूबाईने मेंढी गुडघ्यांत धरली आणि कोकराचं तोंड सडाला लावलं. "थेंबभर असला तरी त्योच लागतो. ओढू दे. ओढलं की उतरतंय." मग तिने मेंढीपुढे बाजरीचा भरडा टाकला.

कोकराची शेपटी हलायला लागली.

बाजेवरून वर्षाराणी हळूच म्हणाली, "आत्या, मंग माझंच का पिळून टाकायचं?"

कडूबाई उंबऱ्यात थबकली. मग हात धुऊन आत आली, सुनेच्या पाठीला उशी लावली, आणि मघाशी कोकराला धरलं होतं तसंच नातीला तिच्या छातीशी धरून बसली. पोर रडली, सुटली, पुन्हा लागली. शेवटी चुटुचुटु ओढायला लागली.

माझ्यातलं दूध कडूबाईने पातेल्यात ओतलं आणि उकळून सुनेच्या हातात दिलं. "हे तू पी," ती म्हणाली.

मी रिकामाच कोनाड्यात परतलो. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पुढे वर्षाराणी कापूस वेचायला जाऊ लागली, तेव्हा कडूबाई नातीला खांद्यावर टाकून पाजायला रानात न्यायची. मला कुणी हात लावला नाही. पोर आता टेकून बसते, आणि तिला एकदाही जुलाब झाले नाहीत.

परवा शेजारची पुष्पाबाई आली. तिची सून नुकतीच बाळंत झालीय. "तुमचं बोंडलं द्या की जरा," ती म्हणाली.

"गळून राह्यलं ते," कडूबाई म्हणाली. "लेकराला त्याच्या आईपाशी लाव. चल, मी येते संगं."

मित्रांनो, जन्मात माझ्यातून एक थेंब गळालेला नाही. पण तुमच्या दारी कुणी मला मागायला आलं, तर तुम्हीही असंच सांगा.