कलिरोई मावशीचं मीठ

चार माणसं आणि एक संडास आठवडाभर एका बोटीवर कोंडले की माणसाची जात कळते. मी इतकी वर्षं शिडाची बोट भाड्यानं फिरवते, लोकांना बेटाबेटांतून नेते, आणि दर उन्हाळ्यात ठरवते की पुढच्या वर्षी शेळ्या पाळायच्या. शेळ्या निदान लेंड्या टाकून वर भाषण देत नाहीत.

या खेपेचे पाहुणे अथेन्सचे होते. पेरिआंद्रोस, दातांचा डॉक्टर. त्याची बायको मिर्तो. आणि मिर्तोची बहीण नि मेव्हणा, जे दिवसभर अंगाला तेल चोपडून उताणे पडलेले असत. पेरिआंद्रोसला सगळं अस्सल लागायचं. अस्सल चीज, अस्सल दारू, अस्सल म्हातारे. संडासात कागद टाकू नका, शेजारच्या टोपलीत टाका, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आपल्याकडे शेंबडं पोरही हे जाणतं. तरी दुसऱ्या दिवशी पाइप तुंबला. मी रबरी हातमोजे चढवून कोपरापर्यंत हात घातलाय, आणि हा पठ्ठ्या वर बसून दही-मध चाटत म्हणतो, "कप्तान, खालून जरा वास येतोय हो."

"तुमचाच आहे, साहेब," मी म्हटलं.

मिर्तो हसली. तो काही हसला नाही.

मग उत्तरेचा वारा सुटला, ऑगस्टातला मेल्तेमी. आसरा एकच होता, माझ्या आईच्या गावाखालची छोटी खाडी. तिथे मी पाहुण्यांना कधीच नेत नाही. त्या खाडीच्या काठच्या खडकात मिठाचे खळगे आहेत. दागिने जावेत तसे ते आईकडून लेकीकडे जातात. उन्हाळाभर बादलीनं समुद्राचं पाणी आणून ओतायचं, आटलं की पुन्हा ओतायचं. मेरीमातेच्या सणाआधी मीठ खरवडायचं, आणि त्यातली पहिली मूठ सणाला देवळात वाटायच्या पावाच्या पिठात घालायची. आमच्या घरचे खळगे कलिरोई मावशीकडे आहेत. सण तोंडावर आला होता आणि मीठ जवळजवळ धरलं होतं.

नांगर टाकण्याआधी मी चौघांना समोर बसवलं. "संडासाच्या टाकीचा व्हॉल्व्ह इथे बंद राहणार. टाकी रिकामी करायची ती बाहेर, खोल समुद्रात. इथल्या पाण्याचं माझी मावशी मीठ करते. आलं का लक्षात?"

"किती अस्सल," पेरिआंद्रोस म्हणाला.

संध्याकाळी मावशी बादली घेऊन खडकावर आली आणि तिथूनच ओरडली, "अगं इव्हान्थिया, काय वाळलीस मेली! कोण हे?"

"पाहुणे आहेत, मावशी."

"मग उद्या जेवायला घेऊन ये वर. माझ्या दारात नांगर टाकला आणि उपाशी गेले, असं नको व्हायला."

सकाळी मला जाग आली ती वासानं. वर येऊन पाहिलं तर बोटीभोवती पिवळट तवंग, आणि त्यात लगदा झालेले कागद. वारा ते सगळं हळूहळू खडकाकडे ढकलत होता. मी खाली धावले. व्हॉल्व्ह सताड उघडा. आधी तो बंद केला.

पेरिआंद्रोस कॉफी घेत होता. "मीच उघडला रात्री. टाकी भरली होती, मिर्तोला मळमळत होतं. एवढं काय, कप्तान? समुद्र केवढा मोठा आहे."

"खाडी केवढी आहे, साहेब?"

"चमचाभर घाणीनं काय होतं? मी डॉक्टर आहे."

त्याचे ते पांढरेशुभ्र दात बघून मला अशी किळस आली की हातातला दोर त्याच्या तोंडावर मारावासा वाटला. मारला नाही. वल्ही घेतली आणि छोट्या होडीतून खडकाकडे निघाले. मावशीनं ओतलं नसेल, एवढंच मनात घोकत होते.

ओतलं होतं. सगळे खळगे काठोकाठ भरले होते आणि मावशी कमरेवर हात ठेवून उभी होती. ओतण्याआधी ती प्रत्येक बादलीत बोट बुडवून चाखते. तिची आईही चाखायची.

"आज पाणी जरा बुळबुळीत लागलं गं," ती म्हणाली.

मी सांगितलं. तिनं डोक्याच्या रुमालानं जीभ पुसली, पुन्हा पुसली, आणि मग खडकाआड जाऊन ओकली. परत आली तेव्हा डोळे लाल होते. आम्ही दोघींनी पाणी उपसून सगळं मीठ खरवडलं, पोत्यात भरलं आणि गावच्या उकिरड्यावर टाकलं. दिसायला इतकं देखणं होतं की टाकताना हात धजत नव्हता. आता खळगे धुवायला आमच्या बेटावर गोडं पाणी कुठलं? हिवाळ्यातला पाऊस येईल तेव्हा.

"जेवणाचं रद्द कर," मी म्हटलं.

"मी बोलावलंय ना? माझी जीभ एकच आहे." मग स्वतःशीच म्हणाली, "आणि तीही आज बाटली."

परतल्यावर मी पेरिआंद्रोसला सगळं ऐकवलं. त्यानं खांदे उडवले. तरी संध्याकाळी जेवायला सगळ्यांत पुढे तोच, इस्त्रीचा सदरा घालून.

मावशीनं अंगणात टेबल मांडलं होतं. भाजलेले मासे, टोमॅटो, तेल, पाव. शेवटी तिनं आतून मातीची एक वाटी आणली आणि पाहुणा म्हणून त्याच्याच पुढ्यात ठेवली. तळाशी मूठभर मीठ होतं.

पेरिआंद्रोसचा काटा थांबला. "हे कुठलं?"

"आपल्याच खळग्यांतलं," मावशी म्हणाली.

"शी!" त्यानं वाटी अशी झिडकारली की ती टेबलावरून खाली गेली आणि मीठ मातीत सांडलं. मिर्तो तोंडावर हात धरून उठली.

खाई त्याला खवखवे. स्वतःची घाण स्वतःच्या तोंडापाशी आली तेव्हा समुद्र एकदम लहान झाला. मला क्षणभर बरं वाटलं. मग मावशीचा चेहरा दिसला.

"गेल्या सालचं होतं रे," ती हळू म्हणाली. "सणाच्या पावासाठी मूठभर ठेवलं होतं. पण पाहुण्यापुढे मीठ ठेवायचं नाही, असं कसं चालेल?"

ती गुडघ्यावर बसली आणि खडे वेचू लागली. मीही बसले. "राहू दे मावशी, मातीत पडलंय."

"मातीचं काय? माती चाळून निघते."

पेरिआंद्रोसचा चेहरा उतरला होता. तो खाली वाकला, आमच्याजवळ बसला, आणि एक खडा उचलायला हात पुढे केला.

मावशीनं उरलेलं मीठ आपल्या पंजानं झाकलं.

"तू नको, बाबा," ती म्हणाली. "तू हात नको लावूस."